सोडलेला कोंबडा

माझा थोरला भाऊ लवू आणि शेजारच्या चिमाकाकीचा विठू एकाच बोटीवर खलाशी म्हणून गेले, त्या दिवशी आईने आणि काकीने वाडीच्या राखणदार देवाला दोन कोंबडे सोडले. एकाच उबवणीतले, दोघेही तांबडे, काळ्या शेपटीचे. रीत अशी की मुलगा सुखरूप परतला म्हणजे त्याच्या नावाचा कोंबडा राखणदाराला द्यायचा. तोवर त्याला बांधायचे नाही, कापायचे नाही, आणि मरूही द्यायचे नाही. तो आपल्या मरणाने मेला, तर समुद्रावर काय झाले हे कुणाला विचारावे लागत नाही, असे वाडीत म्हणत.

म्हणून त्या श्रावणात दोन्ही कोंबड्यांचे तुरे फिकट पडले, तेव्हा आमच्या घरात त्यावर कुणी मोठ्याने बोलले नाही. एका संध्याकाळी मालनवहिनीने आमचा कोंबडा उचलून माझ्यापुढे धरला.

"भावजी, छातीचं हाड बघा ह्याचं. सुरीगत लागतंय. खातो तर दोघांचं, मग जातं कुठं?"

मी बोट लावले. पिसांखाली मांस उरले नव्हते. ती कोंबड्याविषयी विचारत नव्हती हे मला कळत होते.

मला लहानपणापासून दम्याचा विकार; समुद्राने मला कधी घेतलेच नाही. घरी राहणाऱ्या माणसाने निदान घरातले जपावे, एवढ्याच विचाराने मी रत्नागिरीस गुरांच्या दवाखान्यात गेलो. केळीच्या पानात नेलेली कोंबड्याची विष्ठा डॉक्टरांनी काडीने उकलली. आत शेवयांसारखे पांढरे जंत होते. त्यातला एक अजून वळवळत होता.

"सुपारीची पूड, चिमूटभरच, लोण्यातून द्या," ते म्हणाले. "जास्त झाली तर विषच ती. रात्रभर उपाशी ठेवा, सकाळी पूड, मागाहून थोडं एरंडेल. पण औषधानं पोटातले पडतील, जमिनीतले नव्हेत. जंतांची अंडी विष्ठेतून पडतात आणि ओल्या मातीत वाट पाहत राहतात. दाणा कोरड्या जागी घाला, घाण उचलून जाळा, चुना टाका. नाहीतर उद्या तो पुन्हा तेच टिपील."

मातीत वाट पाहत राहतात! परतीच्या वाटेवर प्रत्येक ओल्या सावलीवरून मी पाय उचलून चालत होतो.

मी दोन्ही कोंबड्यांना औषध दिले. काकीचा कोंबडा मांडीवर धरून त्याची चोच उघडू लागलो, तशी ती हसली.

"हरी, लगीन झालं असतं तर बायकोला एवढं जपला असतास काय रे?"

"बायको चोच मारत नाय, काकी."

"तुला काय ठाऊक मेल्या!"

दोन्ही कोंबड्यांचे जंत पडले. काकीने आपले अंगण खरवडून राख आणि चुना पसरला. दाणा करवंटीत घालून ओटीवर ठेवू लागली. पण आमच्याकडे सोडलेल्या कोंबड्याचा दाणा राखणदाराच्या दगडाशीच पडे. परसाच्या टोकाला, फणसांच्या दाट सावलीत तो दगड होता. तिथे ऊन कधी पोचत नसे, आणि तिथे झाडू लावायचा नाही असा दंडक होता. सगळ्या कोंबड्या तिथेच उकरत. मी आईला कितीदा सांगितले.

"त्याच्या दारात आपण केर काढायचा?" ती म्हणे. "उद्या तो आपला काढील."

काकीच्या कोंबड्याचा तुरा जास्वंदीसारखा लाल झाला. आमचा पुन्हा फिकटला. तो पंख सोडून दगडाशी बसे, समुद्राकडे तोंड करून, डोळे मिटून. त्याची मान खाली जाऊ लागली की माझाही श्वास अडे. मग तो मान वर उचली, आणि दूर कुठेतरी कुणीतरी पुन्हा एक श्वास घेतला असे मला वाटे.

गौरी गेल्या त्याच दिवशी तिन्हीसांजेला मी विहिरीवर होतो. वहिनी परसातून येताना दिसली. पदराखाली काहीतरी धरून ती मधल्या दगडी गडग्यावरून काकीच्या परसात उतरली. थोड्या वेळाने परतली, तेव्हाही पदराखाली काहीतरी होते. जाताना ते निश्चल होते. येताना हलत होते. माझ्याजवळून ती गेली, पण मी तिथे नसल्यासारखी गेली.

सकाळी काकीचा हंबरडा ऐकू आला. तिचा कोंबडा खुराड्यात कडक होऊन पडला होता.

"काल दाणा टिपत व्हता, हरी! तुझं औषध देवाला आवडलं नाय काय रे?"

मी वहिनीकडे पाहिले. तिने झाडू उचलला आणि दगडाभोवतीची ती काळी, कुजकी माती खरवडू लागली. मग पाट्या भरभरून चुना ओतला. आईने तिला अडवले नाही. त्यानंतर आमच्या परसात एकही कोंबडी मेली नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर लवूदादा आला. एकटाच आला. वाळला होता, गालांची हाडे वर आली होती. आईने सुरीला धार लावली. तेवढ्यात चिमाकाकी आली आणि ओटीच्या कडेला बसली. दादानेच आपणहून सांगितले.

"पोटाचं दुखणं लागलं दोघांना. माझीच आशा सोडली व्हती. विठू बरा झालेला, पेज पीत व्हता. एका सांजेला म्हणाला, लवू, तुझ्या जागी वारा लागतो, माझ्या जागेवर ये. आम्ही जागा बदलली. सकाळी तो माझ्या जागेवर थंड पडलेला, आणि माझा ताप उतरलेला."

"कधी?" काकीने विचारले.

"बोटीवर दिवस कळत नाय, काकी. पण गौरी गेल्या असतील आज, असं आम्ही त्याच सांजेला बोललो व्हतो."

वहिनीच्या हातातला तांब्या खाली पडला.

त्या आवाजाने परसातला कोंबडा पुढे आला. सुरी घेऊन बसलेल्या आईला वळसा घालून तो सरळ काकीकडे गेला आणि तिच्या मांडीवर चढून बसला. काकीने सवयीने त्याच्या उजव्या पंखाखाली बोट घातले. पिल्लू असताना त्याला तिथे मुंगसाने धरले होते. तेवढ्या जागी पिसे कधी आलीच नव्हती. बोट तिथेच थांबले.

तिने माझ्याकडे पाहिले नाही. वहिनीकडे पाहिले, फार वेळ.

"मालन," ती शांतपणे म्हणाली, "हा माझ्या विठूचा. ह्याला सुरी लागायची नाय."

कोंबडा पदराखाली घेऊन ती गडग्यावरून उतरून गेली. आई सुरी हातात धरून तशीच बसली. दुसरा कोंबडा द्यावा असे तिच्या तोंडून निघाले नाही. कुणाचा आणि कुणासाठी, हे आता सांगणार कोण?

अजूनही दिवेलागणीला काकी आपल्या कोंबड्याला दाणे घालायला हाक मारते. त्या हाकेला दादा पानावरून उठतो. उष्ट्या हातानेच गडगा ओलांडून जातो आणि तिच्या ओटीवर कोंबड्याशेजारी बसतो. ती त्याला विठू म्हणते. तो ओ देतो.

वहिनी त्याचे पान झाकून ठेवते. ते पान आमच्या घरात पुन्हा कुणी उघडत नाही.