पवनेतले नारळ

यशोदाबाई चिंचवडला आली तेव्हा चूल कुठे मांडायची, पाणी कुठून भरायचं, हे सगळं तिने नंतर विचारलं. दिराला पहिला प्रश्न केला तो नदीचा.

"भावोजी, ही पवना समुद्राला मिळते ना हो?"

"मिळते," उद्धवराव म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. सगळ्याच नद्या कुठे ना कुठे मिळतात.

यशोदाबाईचा नवरा सयाजी कोकणात होडी चालवायचा. एका वर्षी नवरात्र उलटल्यावर वादळ झालं. बरोबरचे दोघे किनाऱ्याला लागले, सयाजी लागला नाही. त्याचं मढंही लागलं नाही. तिच्या सासरची रीत अशी, की समुद्राने नेलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. तोवर बायकोने कुंकू पुसायचं नाही, आणि दर नारळी पौर्णिमेला त्याच्या नावाचा एक नारळ पाण्यात सोडायचा. समुद्राला आठवण राहते म्हणे. मनात आलं तर तो माणूस परत देतो. सासू मरताना हेच बजावून गेली, "नारळ चुकवू नको गं."

सासू गेल्यावर उद्धवरावाने वहिनीला इकडे आणलं. त्याला पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात काम लागलं होतं, तिलाही तिथेच बाटल्या धुवायला घेतलं. समुद्र सुटला, पण नारळ सुटला नाही. पौर्णिमेला ती घाटावर जायची, नारळाला हळदकुंकू लावायची आणि पवनेत सोडायची. डोंगरातला घाट उतरला की कोकण, कोकणात समुद्र. नदी दुसरीकडे कुठे जाणार? नारळ वळणाआड जाईपर्यंत ती उभी राहायची. तेवढ्या वेळात सयाजीला वर्षभराचं सगळं सांगून व्हायचं. परत येताना चेहरा असा असायचा, की माहेरी जाऊन आली वाटावं.

लोकांच्या जिभेला मात्र हाड नसतं. खोलीची मालकीण शालनबाई गावातली जुनी, शेतीवाडीची. मनाने वाईट नव्हती, पण तोंडाला फडकं कधी बांधलं नाही. "काय गं, तू कुकू लावतीस त्ये जित्याचं का मेल्याचं?" असं चार बायकांत विचारायची. यशोदाबाई म्हणायची, "आले की सांगेन तुमाला."

यंदा उद्धवरावाचं लग्न जमत आलं होतं. रहाटणीला त्यांच्याच जातीचं एक कोकणातलं कुटुंब होतं. मुलगी चांगली, माणसं चांगली. एकाच गोष्टीवर घोडं अडलं. मुलीच्या आईने स्पष्ट विचारलं, "तुमच्या घरातली बाई सवाष्ण की विधवा? माझ्या लेकीची ओटी भरायला पुढे होणार, ती कोण म्हणून?"

उद्धवरावाने वहिनीला समजावून पाहिलं. सयाजीचे अंत्यविधी करून मोकळं होऊ म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी. "बारा वर्षं झाली नायत," एवढंच ती म्हणाली. मग त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. माणूस एकाएकी गप्प झाला की समजावं, त्याला दुसरी वाट सापडली आहे.

गणपती आले. कामगारांच्या मंडळाने पुण्याहून आठल्ये नावाचे प्राध्यापक व्याख्यानाला बोलावले. विषय होता समुद्र, आणि समुद्राचा अभ्यास कशासाठी. मंडळाच्या कामात उद्धवराव पुढे असायचाच. "वैनी, तुमी याच," असं त्याने दोनदा सांगितलं. यशोदाबाईला भरून आलं. या कोरड्या मुलखात कोणीतरी समुद्राचं नाव काढणार होतं. ती ठेवणीतलं लुगडं नेसली आणि बायकांत पुढे जाऊन बसली.

आठल्ये सर खरंच छान बोलले. पृथ्वीवर जमिनीपेक्षा पाणीच जास्त, हे त्यांनी एका नारळावर खडूने रेघा मारून दाखवलं. समुद्राच्या पोटात डोंगर आहेत, दऱ्या आहेत, आणि त्याच्या पाण्यातही नद्यांसारखे प्रवाह वाहतात. आपला पाऊस तिथे तयार होतो. म्हणूनच यंदा साऱ्या जगातले शास्त्रज्ञ एक होऊन पृथ्वीचा, वाऱ्याचा, समुद्राचा अभ्यास करताहेत. "कशासाठी? मासे कुठे मिळतील ते कळावं, पाऊस कधी येईल ते कळावं. आणि वादळ यायच्या आधी कळावं, म्हणजे होड्या परत फिरतील."

हा अभ्यास थोडा आधी केला असता तर यांचं काय बिघडलं असतं, असं यशोदाबाईला वाटलं. राग आला, आणि त्या रागाचीच लाज वाटली.

मग सरांनी फळ्यावर नकाशा काढला. "आता गंमत बघा. समुद्र तुमच्यापासून इतका जवळ, तिकडे पश्चिमेला. पण तुमची पवना त्याच्याकडे पाठ करून वाहते! ती वाटेतल्या नद्यांबरोबर जाते भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट पूर्वेच्या समुद्राला. इथे टाकलेलं फूल कोकणात कधीच पोचायचं नाही."

लोक हसले. टाळ्या पडल्या. यशोदाबाई उभी राहिली. सभेत बाई उभी राहिलेली कोणी पाहिली नव्हती.

"नारळ टाकला तरी?"

"नारळ तर वाटेत एखाद्या बंधाऱ्यालाच अडकायचा, बाई," सर हसून म्हणाले. मग तिचा चेहरा बघून त्यांनी आवाज मऊ केला. "पण तसं म्हटलं तर सगळे समुद्र एकच. सगळं पाणी एकमेकांत मिसळतं. फक्त वेळ लागतो. शेकडो वर्षं."

ती खाली बसली. सरांना आपली चूक काही कळली नाही, ते कौतुकाने पुढे म्हणाले, "हे नदीचं मात्र तुमच्या उद्धवरावांनी सुचवलं हं. म्हणाले, एवढं नक्की सांगा, आमच्या माणसांना ठाऊक नाही."

यशोदाबाईने मान वळवून दिराकडे पाहिलं. तो पेट्रोमॅक्सला हवा भरत होता. दिव्याला हवेची काहीच गरज नव्हती.

घरी आल्यावर ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्या मनाने भलताच हिशेब मांडला होता. नारळ पोचले नाहीत, म्हणजे समुद्राला आठवण राहिली नाही, म्हणजे समुद्राने परत दिला असता तो नवरा आपणच बुडवला. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "करा काय करायचं ते."

पितृपंधरवड्यात घाटावर दर्भाचा पुतळा केला, सयाजीचं नाव घेऊन तो जाळला. बारा वर्षांचं काय, असं भटजींनी विचारलं नाही. शालनबाईने यशोदाबाईचं कुंकू पुसलं. इतकी वर्षं टोमणे मारणारी ती बाई पुसताना हुंदके देऊन रडली. लग्नात ओटी कोणी भरायची हा प्रश्न सुटला. आता यशोदाबाईने मांडवात पुढेच यायचं नव्हतं.

राखेचं मडकं घेऊन उद्धवराव पाण्यात उतरला, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"भावोजी, हिकडं नको. राख आपल्या समुद्रात सोडूया. ह्यांनी तो पूर्वेचा समुद्र कधी बघितला नाय. वाट नाय गावायची त्यांना."

"रजा कुठं आहे वैनी? लग्न तोंडावर आलंय," उद्धवराव म्हणाला. मग पाण्याकडे बघत, समजुतीच्या सुरात म्हणाला, "आणि सरांनी सांगितलं नाय का? पाणी सगळं एकच असतं."



"व्हय?" यशोदाबाई म्हणाली. "मग माजे नारळ का नाय पोचले?"

उद्धवरावाने मडकं पालथं केलं.