फोनवरची बाई

आमच्या दुकानाचा फोन बाबांनी उचलला की समोरचा म्हणतो, "ताई, जरा मिस्तरींना द्या ना." आणि मी उचलला की म्हणतो, "साहेब, माझं शिलाई मशीन आज मिळेल का?" आमच्या घरात आवाज वाटताना पुड्यांची अदलाबदल झाली आहे. बाबांचा आवाज बारीक, माझा घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. शाळेत मला भोंगा म्हणतात. आधी रडू यायचं. पण यंदा मैदानावरचा माईक बंद पडला तेव्हा मुख्याध्यापकांनी मलाच बोलावलं, तेव्हापासून भोंगा ही माझी पदवी आहे.

बाबांना अशी पदवी कुणी दिली नाही. फोन वाजला की ते तेलकट हात दाखवतात. "घे गं तू."

विज्ञान प्रदर्शनासाठी मी विषय घेतला, बायकांचे आणि पुरुषांचे आवाज वेगळे का. माईकसमोर बोललं की आवाज किती उंच ते पडद्यावरची रेघ दाखवते. बाईचा आवाज माझा, पुरुषाचा म्हणून मी बाबांचं नाव देऊन मोकळी झाले. रेघा उलट्या पडणार, सगळी शाळा आमच्याच टेबलाशी लोटणार!

"काकाला ने," बाबा बॉबिनमधला गुंता सोडवत म्हणाले. "तो बोलला की कपबशा हादरतात."

"मला तुम्हीच हवेत."

त्यांनी माझा तक्ता ओढला आणि वाचू लागले. "वयात येताना मुलग्यांचे स्वरतंतू मुलींपेक्षा लांब आणि जाड होतात. फार पूर्वी जाड आवाजाचा नर अंगाने मोठा वाटत असावा, म्हणून बाकीचे नर बिचकत असावेत. माद्यांनाही तोच आवडत असावा. हे शास्त्रज्ञांचे अंदाज आहेत." मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मग मी कसा काय टिकलो?"

विनोद केला खरा, पण तक्ता त्यांनी पालथा घालून ठेवला. 

आई शेजारी काजं करत होती. "कसे टिकले ते मी सांगते," ती म्हणाली. "मी कपड्यांच्या कारखान्यात नवी होते. मशीनचा टाका सुटायचा आणि मुकादम माझ्यावर ओरडायचा. दुरुस्तीसाठी फोन लावला तर एक बाई बोलली. पुरुष असता तर 'टाका सुटतो, या' म्हणून ठेवला असता. बाई म्हटल्यावर माझा बांधच फुटला. ओरडा, रडणं, काम सोडायचा विचार, सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, 'दोष मशीनचा आहे, तुमच्या हाताचा नाही.' दुसऱ्या दिवशी तिचे आभार मानायला गेले, तर हे बसलेले. मिशीबिशीसकट."

"आणि ही पोट धरून हसली," बाबा हळूच म्हणाले. "तेव्हापासून फोन नकोसाच वाटतो मला."

आईची सुई थांबली. "अहो, इतकी वर्षं हे मनात धरून बसलात? आवाजाला नाही हसले मी. जिला मैत्रीण करायला निघाले होते तिच्याशी लग्नही करता येईल, हे लक्षात आलं म्हणून हसले."

बाबा मान खाली घालून मशीनला तेल घालू लागले. ज्या भोकात घातलं ते तेलाचं नव्हतंच.

प्रदर्शनाला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. माईकसमोर घसा खाकरला. नाव सांगतील असं मला वाटलं, पण ते म्हणाले, "दोष मशीनचा आहे, तुमच्या हाताचा नाही." त्यांची रेघ टुणकन माझ्या रेघेच्या वर जाऊन बसली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी माईक त्याच्यापुढे धरला. "या, तुमची पण बघू." सगळा घोळका हसला, आणि सगळ्यात आधी बाबा.

"मग हा आवाज कसा टिकला?" विज्ञानाच्या बाईंनी मला विचारलं.

मी भोंगा लावून सांगितलं, "बाई, माझ्या आईने निवडला."

संध्याकाळी दुकानात फोन वाजला. मी हात पुढे केला, तोवर बाबांनी तेलकट हातानेच उचलला होता.

"मिस्तरीच बोलतोय. हो हो, मीच. काय झालं? ...सावकाश सांगा, मी ऐकतोय."