मास्तरांच्या गाडीतला टायमिंग बेल्ट

मित्रांनो, मी एक जुना टायमिंग बेल्ट आहे. माझे नाव तुम्ही ऐकले नसेल, यात तुमचा दोष नाही. गाडीच्या इंजिनात एका झाकणामागे माझे आयुष्य गेले. पाहुण्यांना गाडीचा रंग दाखवतात, गाणी लावून दाखवतात. मला दाखवायला झाकण कोण काढणार?

रबर आणि चिवट दोरे एकत्र दाबून कारखान्यात मला घडवले. माझ्या आतल्या बाजूला दात आहेत. इंजिनात पिस्टन वरखाली होतात आणि झडपा उघडतात-मिटतात. त्या दोघांची वेळ जुळवणे हे माझे काम. ती चुकली, तर आमच्या इंजिनात झडपा पिस्टनवर आदळून वाकतात आणि सगळा कारभार आटोपतो. सात वर्षांत मी एकही दात चुकलो नाही. त्याबद्दल कोणी शाबास म्हटल्याचे मला आठवत नाही.

गाडीचे मालक शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांच्या सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी दवाखान्यात न्यावे लागते, तेही याच गाडीतून. माझी मुदत संपल्याचे मेकॅनिकने दोनदा बजावले होते. शेवटी एका रविवारी मास्तरांनी मला घरीच बदलायचे ठरवले. सोमवारी सकाळी सासूबाईंची डायलिसिसची पाळी होती.

मला काढण्याआधी त्यांनी इंजिनाच्या दातेरी चाकांवर खुणा केल्या. कशाने? कापड आखायच्या खडूने! मला ना हात ना कपाळ, नाहीतर तिथेच हात मारून घेतला असता. मग त्यांनी मला जमिनीवर टाकले आणि चाके तेलकट दिसली म्हणून चिंधीने लख्ख पुसली. मास्तरांना डाग खपत नाही. डागांबरोबर खुणाही गेल्या. तरी त्यांनी एक डोळा मिटून अंदाजानेच नवा बेल्ट चढवला, कारण तीस वर्षे गिऱ्हाइकांचे माप त्यांनी नजरेनेच ओळखले होते. मी खाली पडून नुसता चडफडत होतो. ओरडावे तर तोंड नाही, दात तेवढे आहेत.

मास्तर किल्ली फिरवायला निघाले, तेव्हा त्यांच्या बायकोने त्यांना अडवले. नव्या बेल्टच्या खोक्यातला कागद तिने वाचला होता. इंजिन सुरू करण्याआधी पान्याने, हातानेच दोन फेरे फिरवा, असे त्यात लिहिले होते. मास्तर कुरकुरत फिरवू लागले. पहिल्याच फेऱ्यात पाना अडला. ते जोर लावणार, इतक्यात ती म्हणाली, "अहो, थांबा."

"थोडासा फरक असेल. शिवण चुकली तर उसवता येते की."

"इथे उसवायला काही उरणार नाही. उद्या आईला काय पाठुंगळी नेणार आहात?"

मास्तरांनी पाना खाली ठेवला. मग तिनेच कागदातले चित्र पाहून चाकांवर कारखान्याने कोरलेले ठिपके शोधले. ते जुळवून बेल्ट पुन्हा चढवेपर्यंत संध्याकाळ झाली. या खेपेला दोन्ही फेरे विनातक्रार झाले. सोमवारी सासूबाई वेळेवर दवाखान्यात पोहोचल्या.

नंतर मास्तरांनी मला उचलले, वाकवून पाहिले आणि म्हणाले, "हा तर धडधाकट आहे. उगाच बदलला."

सात वर्षांच्या नोकरीचा हा निरोप! मित्रांनो, मी तुटलो असतो तर भर रस्त्यात, सासूबाई मागच्या सीटवर असताना तुटलो असतो. तेव्हा मात्र घरादाराला माझे नाव पाठ झाले असते. आम्ही तुटण्याआधी सहसा आवाज करत नाही. म्हणून आम्ही धडधाकट दिसत असतानाच आमची तारीख पाहा. कुरकुर न करणाऱ्याचीही मुदत संपते.