खाटकाच्या दुकानात पाळकबाई

पहिल्याच फटक्यात दुकानाची काच फुटली आणि तिचे तुकडे पाळकबाईंच्या पिशवीत पडले. ओंडक्यावर मांस तोडत असलेल्या खाटकाने मान वर करेपर्यंत तिघेजण आत घुसले होते. पुढे नगारा होता. चर्चच्या गायनमंडळाचा हा प्रमुख. दणदणीत आवाजामुळे त्याला हे नाव पडलेलं. आज त्याच्या हातात लोखंडी सळई होती.

"बाई, तुम्ही?" तो थबकला. मग नजर चुकवत म्हणाला, "बाजूला व्हा."

बायको वारल्यावर खाटकाने दुकानातला क्रूस उतरवला होता आणि चर्चला येणं सोडलं होतं. चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकांनी, म्हणजे बाईंच्या नवऱ्याने, ते मनाला लावून घेतलं. "ज्या दुकानातून प्रभूला बाहेर काढलं, त्याची पायरी आपण का चढावी?" असं त्यांनी भर उपासनेत विचारलं. तेव्हापासून मंडळी बाजारापलीकडच्या नव्या दुकानात जाऊ लागली आणि काहीजण खाटकाला धडा शिकवायची भाषा करू लागले. तिथला मालक नेमाने चर्चला येणारा, विश्वासू होता. पाळकबाई मात्र मागच्या गल्लीने इथेच येत राहिल्या. घरी पाळक चवीने जेवत आणि म्हणत, "विश्वासू माणसाच्या हातचं मटण कसं लुसलुशीत असतं बघ." त्या मान खाली घालून त्यांना आणखी वाढत.

सळई खाटकाच्या खांद्यावर बसली. बाकीच्या दोघांनी त्याला गळपट्टी धरून ओढलं आणि जमिनीवर लोळवलं. मग लाथा सुरू झाल्या. कुणी शिव्या देत नव्हतं, ओरडत नव्हतं; नुसता बुटांचा आवाज येत होता. खाटकाने तोंडातलं रक्त थुंकलं, त्याबरोबर एक दातही पडला. नगाऱ्याने पुन्हा सळई उगारली. पाळकबाईंनी हात आडवा घातला. मनगटातलं हाड मोडल्याचं त्यांना आधी ऐकू आलं, कळ नंतर आली.

त्या किंचाळल्या तसे दोघे मागे सरले आणि दारातून पळाले. नगारा सळईकडे बघत राहिला, तेवढ्यात खाटीक उठला. त्याने नगाऱ्याचे केस धरले, डोकं ओंडक्यावर दाबलं आणि सत्तूर उचलला.

नगाऱ्याच्या त्या मोठ्या गळ्यातून "आई" एवढंच निघालं, तेही पुसटसं.

पाळकबाईंना बायबलमधलं एकही वचन आठवलं नाही. त्यांनी आपला धड असलेला हात नगाऱ्याच्या मानेवर ठेवला.

"हात काढा, बाई."

"नाही."

"काढा म्हणतो ना."

त्यांनी हात काढला नाही. सत्तूर खाली आला, नगाऱ्याच्या कानाची पाळी चिरत ओंडक्यात रुतला. खाटकाची मूठ सुटली. नगारा कान दाबून धडपडत बाहेर गेला आणि खाटीक भिंतीशी जाऊन बसला.

कुणीतरी निरोप दिल्यामुळे पाळक धावत आले. त्यांनी काचा पाहिल्या, रक्त पाहिलं, बायकोचा लोंबणारा हात पाहिला.

"तू इथे काय करत होतीस?"

"मटण घेत होते."

"कधीपासून?"

"मी थांबलेच नव्हते."

 बाहेर येताना पाळकांनी तिच्यासाठी दार धरलं, तिच्याकडे पाहिलं मात्र नाही.

रविवारी नगारा कानाला पट्टी बांधून गायला उभा राहिला. पाळकांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली आणि शेवटी म्हणाले, "आणि घरात पाय घसरून पडलेल्या माझ्या पत्नीसाठी."

पहिल्या बाकावरून पाळकबाई उठल्या. हात गळ्यात बांधलेला होता.

"मी पडले नाही," त्या म्हणाल्या. मीठ कमी आहे म्हणावं इतक्या साध्या आवाजात. मग नगाऱ्याकडे पाहिलं. तो हातातल्या पुस्तकाची पानं उलटत राहिला. त्या मधल्या वाटेने चालत बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुढच्या रस्त्याने दुकानात गेल्या. काचेच्या जागी फळ्या ठोकल्या होत्या. खाटकाचा एक डोळा सुजून मिटला होता.

"तुम्हाला मी देणार नाही, बाई," तो म्हणाला. "पुन्हा येऊ नका."

"का?"

"तुम्ही दिसलात की त्याची मान दिसते. मी मारणार होतो त्याला."

"माहीत आहे. मी तिथेच होते."

 पाळकबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकं आली, त्यांच्याकडे आणि फळ्यांकडे बघून हवं ते घेऊन गेली. दुकान रिकामं झालं तरी त्या हलल्या नाहीत. खाटकाने ओंडका पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

"हाडांसकट देऊ का?" मान वर न करता त्याने विचारलं.