वीसपर्यंत

चहावर साय धरू लागली होती, बशीच्या कडेला एक थेंब ओघळता ओघळता थांबला होता... सात, आठ... आणि कप सत्यशीलाच्या हातात होता, नवऱ्याच्या, काकासाहेबांच्या, हातापासून वीतभर लांब. नऊ. त्यांची नजर कपावर, मग तिच्या तोंडावर, मग पुन्हा कपावर. त्यांचे ओठ हलले. तिचेही हलले — 'चहा' हा शब्द तिच्या जिभेवर इतका तयार बसलेला, की दात आवळून धरावे लागले.

"बरं," काकासाहेब म्हणाले.

दिवाळीत अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून हा एकच शब्द त्यांच्यापाशी उरला होता. भूक लागली तरी बरं, अंगावर माशी बसली तरी बरं. आणि हा माणूस कोण, तर राहात्याच्या बाजारात पेरूचा भाव करताना व्यापाऱ्याला तासभर बोलण्यात गुंतवून वर त्याच्याच पैशाने चहा पिऊन येणारा. सगळे शब्द तेव्हाच उधळले असतील, असं तिच्या मनात येई, आणि अशा वेळी असलं सुचतं म्हणून स्वतःचाच राग येई.

अकरा... बारा...

"आई, दी की कप त्यांच्या हातात," ओंकार बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला. "निवला चहा. शाळा हाय का ही?"

लेकाचं निमित्त झालं. कप तिने काकासाहेबांच्या हातात दिला, वर "चहा पाहिजे होता ना?" असंही म्हणून टाकलं, आणि ते खाली मान घालून पिऊ लागले. रोज बारा. तेराव्या आकड्याचं तोंड तिने अजून पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घेणारी सुकन्या, वयाने पोर पण नजरेतून काही न सुटणारी, तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "काकू, त्यांनी तोंड उघडायच्या आत तुम्ही शब्द पुढे करता. मग ते कशाला शोधतील? मनात वीसपर्यंत मोजा, मग द्या. आणि हे आत्ताच. पुढे पुढे अवघड होत जातं." आत्ताच. मे उजाडला होता. दर गुरुवारी ती जीपने शिर्डीला जाई, रांगेत उभी राही, आणि समोर पोचल्यावर तिचीच वाचा बसे. काय मागू मी? एक शब्द दे म्हणू? कोणता? नुसतेच हात जोडून ती परत येई, आणि तरीही पुढच्या गुरुवारी जाई.

दुपारी ती दारातला पाला झाडत होती. बागेला ताण दिलेला... महिनाभर पाणी तोडलेलं, पेरूची पानं पिवळी पडून गळतायत, मृगाला पाणी सोडलं की मग फुलं. हे आता तिला ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी नव्हतं. डोंगराकडच्या अकोले तालुक्यातल्या भातखाचरांतून आलेली ती, झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवतात हे तिच्या डोक्यातच शिरेना — आणि सासरी विचारणार कुणाला? रोज सांजेला, कुणी नाही असं बघून, दारातल्या एका झाडाला ती भांडी विसळलेलं पाणी घाली. पुढे सगळी बाग फुलली, आणि ते एकटं झाड नुसत्या पानांनी हिरवंगार, एक फूल नाही. तेव्हा जेवायला वाढताना तिला राहवलं नाही.

"मीच घालत हुते पाणी."

"ठावं हाय. दुसऱ्याच दिशी वल बघितली."

"मग बोलला का न्हाई?"

"म्हटलं, सांगशील तवा सांगशील," काकासाहेब म्हणाले, आणि दुसरी भाकरी मागितली.

झाडाचं नाव पडलं अकोलेकरीण. पुढे बाग दोनदा नवी लावली, पण अकोलेकरणीला त्यांनी कुऱ्हाड लागू दिली नाही.

झाडणी तिच्या हातातच राहिली. ताणापासून फुलं येईपर्यंत दोन महिने... भाव करताना गप्प न बसणारा तो माणूस दोन महिने गप्प बसला होता. रोज ओली माती बघून पुढे जात होता, समोर बसून जेवत होता — आणि मला वाटायचं, यांचं लक्षच नाही माझ्याकडे. त्याने काय आकडे मोजले असतील?

चारला तिने पुन्हा चहा केला. एकच कप, त्यांचा. बाज अकोलेकरणीच्या विरळ सावलीला ओढली, त्यांना टेकवून बसवलं, स्वतः समोर बसली. एक, दोन... काकासाहेबांनी कपाकडे पाहिलं. पाच... एक पिवळं पान त्यांच्या खांद्यावर येऊन पडलं, ते उचलायला तिचा हात गेला, आणि आकडा कुठेतरी सांडला. सहा होता की सात? तिने पुन्हा पहिल्यापासून धरला नाही. कप मांडीवर गरम लागत होता, मग कोमट. त्यांच्या भुवईत एक पांढरा केस लांब वाढला होता, तो कापायला हवा. त्यांच्या डोळ्यांत घाई नव्हती. तिला एकदम त्या माणसाची फार माया आली.

सांगाल तवा सांगा, ती मनात म्हणाली.

सायीला सुरकुती पडली. काकासाहेबांचे ओठ पुन्हा हलले. या वेळी तिचे हलले नाहीत.