गुरुवारचे फोन

नगरपालिकेच्या वाचनालयाच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती. दारावर ‘रोजगार माहिती कक्ष’ अशी पाटी होती, पण येणारे-जाणारे तिला यादीची खोली म्हणत आणि तिथे बसणाऱ्या बाईला यादीवाली ताई. ताई त्रेचाळीस वर्षांची होती आणि गेली अकरा वर्षं त्या खोलीत एकटीच बसत होती. सकाळी नऊ ते दुपारी दोन.

काम सरळ होतं. सरकारी कचेऱ्या, दवाखाने, शाळा आणि लोकांसाठी झटणाऱ्या लहानमोठ्या संस्था यांच्याकडे निघालेल्या नोकऱ्या आणि इंटर्नशिप गोळा करायच्या. एकेक जागा एकेका पांढऱ्या कार्डावर लिहायची आणि फळ्यावर टाचायची. काम काय, कुठे, शिक्षण किती हवं, वयोमर्यादा, शेवटची तारीख, भेटायचं कुणाला. एवढं सगळं असल्याशिवाय कार्ड लागत नसे. आणि दर गुरुवारी ताई फळ्यावरच्या प्रत्येक कार्डासाठी फोन करी आणि एकच प्रश्न विचारी: जागा अजून रिकामी आहे का? भरली असेल तर कार्ड उतरायचं. नाहीतर कुणीतरी दोन बस बदलून, इस्त्रीचे कपडे घालून, भरलेल्या जागेच्या दारात जाऊन उभं राहायचं.

आणखी एक नियम होता. तो तिच्याआधीच्या कारकुनामुळे झाला होता. त्याने एका चांगल्या जागेचं कार्ड लावण्याआधी आपल्या भाच्याला तिथे चिकटवून टाकलं होतं. तेव्हापासून कक्षात काम करणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी कुठल्याही जागेसाठी अर्ज करायचा असेल, तर आधी ते कार्ड पुरते सात दिवस फळ्यावर असलं पाहिजे. ताईला हा नियम कधी आड आला नव्हता. ती अर्जच करत नसे.

ताईची थोरली बहीण दुसऱ्या गावी असे. रविवारी तिचा फोन येई. ती म्हणायची, “तू म्हणजे दिव्याखालचा अंधार आहेस बघ. अर्ध्या गावाला नोकरीला लावलंस आणि स्वतः त्या कोंदट खोलीत खुर्ची गरम करत बसलीस.” ताई हसून विषय बदलायची. बहिणीला नोकरीची काळजी होती, पण ताईला संध्याकाळी घड्याळाचा काटा पाचावर आला की एकटेपणाची काळजी वाटे. दोन वाजता खोलीला कुलूप लागलं की दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत तिचा आवाज कुणाच्या कानी पडत नसे. आई होती तोवर तसं नव्हतं. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता संध्याकाळी ताई कधीकधी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालताना मोठ्याने काहीतरी बोले, घसा बसला नाही ना एवढं बघायला.

एका सोमवारी टपालात एक जाहिरात आली. जी मुलं महिनोन्‌महिने दवाखान्यात पडून असतात त्यांना खाटेशी बसून शिकवणारी एक संस्था होती. तिला एक शिक्षिका हवी होती, कायमची, पूर्ण वेळ. ताईने जाहिरात दोनदा वाचली. तिच्याकडे शिक्षणाची पदविका होती. वीस वर्षांपूर्वी तिने एका लहान शाळेत दोन वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं होतं. शाळा बंद पडली आणि मग आयुष्य दुसरीकडेच वाहत गेलं. पण ती दोन वर्षं तिला वारंवार आठवत.

तिने कार्ड लिहिलं, नेहमीपेक्षा जरा हळू, आणि फळ्याच्या मधोमध टाचलं. कोपऱ्यात लावलं असतं तर ते चोरीसारखं झालं असतं. शेवटच्या तारखेला दहा दिवस होते. त्यातले सात तिचे नव्हते.

त्या सात दिवसांत चार जणींनी त्याच जागेची चौकशी केली. ताईने चौघींनाही अर्ज भरायला मदत केली. एकीला अनुभवाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचत नव्हतं. ताईने तिला खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती चाळीतल्या मुलांचा अभ्यास घेते असं निघालं. “अगं, मग हाच अनुभव,” ताई म्हणाली आणि तो नीट तीन ओळींत लिहून घेतला. आठव्या दिवशी तिने स्वतःचा अर्ज भरला. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं: दोन वर्षं. पुढे काही सुचलं नाही आणि खोदून विचारायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मुलाखत पुढच्या आठवड्यात शुक्रवारी होती. ताईने रजा घेतली आणि पाऊण तास आधी पोहोचली. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर संस्थेची दोन दालनं होती. बाहेर बाकांवर दहा उमेदवार हातात फाइली धरून बसले होते. ताईने खिडकीशी जाऊन नमस्कार केला आणि मुलाखती कुठे आहेत एवढंच विचारलं. खिडकीमागचा कारकून ताडकन उठला.

“अहो, तुम्ही यादीवाल्या ताई! आवाज लगेच ओळखला मी. या, या, आत या.”

गेली किती वर्षं दर गुरुवारी तोच फोन उचलायचा. दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं आणि त्याने कधी तिचं नाव विचारलं नव्हतं. फोनवर ती ताई होती, तेवढ्यावर भागत होतं. त्याला वाटलं, जाहिरातीची खातरजमा करायला ताई आज स्वतः आली. त्याने तिला आतल्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि पुढच्या वर्षीच्या इंटर्नशिपच्या जाहिरातीचा मसुदा तिच्यापुढे ठेवला. तुमच्या नजरेखालून गेला म्हणजे झालं, असं तो म्हणाला. मग आपल्या मुलीच्या शाळेबद्दल, गुडघेदुखीबद्दल, संस्थेत माणसं टिकत नाहीत त्याबद्दल बोलत राहिला.

सांगायचं तर एक वाक्य होतं. पण इतक्या आपुलकीने कुणी तिच्याशी बोलून बरेच दिवस झाले होते. हे वाक्य संपलं की सांगू, असं ती मनाशी म्हणत होती, आणि त्याची वाक्यं एकातून एक निघत होती. मध्येच बाहेरून तिचं नाव पुकारलं गेलं. कारकुनाला त्याचा पत्ताही नव्हता, कारण ते नाव त्याच्या लेखी कुणाचंच नव्हतं. तो मसुद्यातल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून बोलत होता. पुन्हा नाव आलं. ताई अर्धवट उठली, आणि तो म्हणाला, “बसा हो, चहा तरी संपवा.” ती बसली. तिसऱ्यांदा नाव आलं, आणि मग दुसऱ्याच कुणाचं.

“मी मुलाखतीला आलेय,” ताई म्हणाली. “आत्ता पुकारलं ते माझं नाव होतं.”

कारकुनाचा चेहरा पडला. तो धावतच मोठ्या बाईंकडे गेला. मोठ्या बाई म्हणजे संस्थेच्या प्रमुख. त्यांनी ताईला सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं कबूल केलं. तोवर साडेचार वाजले होते आणि मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी एक जण सारखं घड्याळ बघत होता. प्रश्न एकच विचारला. मधली वर्षं काय केलंत? ताई म्हणाली, यादी केली. मग ते तिला वॉर्डात घेऊन गेले. प्रत्येक उमेदवाराने दहा मिनिटं एका मुलाला शिकवायचं होतं.

ताईच्या वाट्याला आठ वर्षांची एक मुलगी आली. उजवा हात दंडापर्यंत प्लास्टरमध्ये. परिचारिका तिला चिमणी म्हणत. सकाळपासून दहा जणांनी आपल्याला आणि शेजारच्या खाटांना शिकवलं, याने ती वैतागली होती. सत्तेचाळीस आणि अडतीस किती, असं विचारल्यावर तिने पंच्याहत्तर सांगितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

ताईने चूक म्हटलं नाही. सात आणि आठ किती झाले, एवढंच विचारलं.

“पंधरा.”

“मग पाच लिहिले. हातचा एक कुठे गेला?”

“हरवला,” चिमणी भिंतीला म्हणाली. “माझा लिहायचा हात बंद आहे. मी कुठे ठेवू तो?”

ताईने पर्समधून एक सुटं बटण काढलं आणि तिच्या डाव्या मुठीत दिलं. हा हातचा, सांभाळ, पुढची बेरीज होईपर्यंत मूठ उघडायची नाही, असं तिला बजावलं. चिमणी वळली. चार आणि तीन तिने पुटपुटत मिळवले, मग मुठीकडे पाहिलं, आणि पंच्याऐंशी म्हणाली. मग तिनेच सांगितलं, “अजून एक घाल. अवघड घाल.” तीन गणितं झाली. चौथ्याच्या मध्येच घड्याळवाल्याने वेळ संपल्याचं सांगितलं.

घरी जाताना ताई एक थांबा आधी उतरली आणि चालत गेली. तिला ते कुणाला तरी सांगायचं होतं. बहिणीला फोन लावला. बहीण पाहुण्यांत होती, रविवारी बोलू म्हणाली.

पुढचा गुरुवार आला. फळ्यावर अठ्ठावीस कार्डं होती. ताईने नेहमीप्रमाणे वरच्या ओळीपासून फोन केले, फक्त मधलं एक कार्ड वगळून. सव्वा वाजता तेवढंच उरलं. शेवटची तारीख कधीच उलटली होती, पण भरल्याचं कळेपर्यंत कार्ड उतरवायचं नाही असा शिरस्ता होता, आणि ते तिच्याशिवाय कोण विचारणार? तिने नंबर फिरवला.

“जागा अजून रिकामी आहे का?”

पलीकडे तोच कारकून होता. “भरली, ताई,” तो म्हणाला. मग हळू आवाजात त्याने सगळं सांगितलं. पत्र उद्या निघणार होतं. आमच्याकडे दोन वर्षं इंटर्न असलेल्या मुलीला घेतलं, तिला सगळा वॉर्ड ओळखतो. तुम्ही तिसऱ्या होतात. मोठ्या बाई म्हणाल्या की शिकवलं छान, पण वीस वर्षांत मुलांत कुठे होत्या, ते कागदावर काहीच नाही. चूक माझीही झाली, मी तुम्हाला चहा पाजत बसलो.

ताई म्हणाली, चहा चांगला होता. तिने कार्डावर ‘भरली’ असं लिहिलं आणि तारीख घातली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

फोन ठेवायच्या आधी कारकून म्हणाला की त्या मुलीची इंटर्नशिपची जागा आता मोकळी झाली, तेवढी यादीत घ्या. ताईने नवं कोरं कार्ड ओढलं आणि एकेक रकाना विचारत गेली. सहा महिने. आठवड्यातले चार दिवस, दुपारी तीन ते सहा. मानधन जेमतेम येण्याजाण्यापुरतं. शिक्षणाची पदविका असल्यास उत्तम.

“वयोमर्यादा?”

“ती कधी कुणी विचारली नाही. पोरंच येतात ना. थांबा हं.” तो उठून गेल्याचा आवाज आला. ताई फोन कानाशी धरून बसली. तो परत आला आणि म्हणाला, “मोठ्या बाई म्हणतात, मर्यादा नाही. पण विचारताहेत, हे यादीसाठी ना?”

“आधी यादीसाठी,” ताई म्हणाली. “सात दिवसांनी माझ्यासाठी.”

तो बरं म्हणाला.

ताईने कार्ड मधोमध, मोकळ्या झालेल्या जागी टाचलं. पावणेदोनला एक गृहस्थ आले. त्यांची मुलगी पदविका करून घरी बसली होती. ते फळा वाचत वाचत त्या कार्डाशी थांबले आणि हे आमच्या मुलीला जमेल का, असं त्यांनी विचारलं. ताई खुर्चीवरून उठली. जमेल, म्हणाली. मग तिने त्यांना संस्था कुठे आहे, कुठली बस, खिडकीवर कुणाला भेटायचं, मुलं कशी असतात, अर्जात मुलीने काय काय लिहावं, हे सगळं सावकाश सांगितलं आणि एका चिठ्ठीवर लिहूनही दिलं. ते आभार मानून गेले.

दोन वाजता तिने कुलूप लावलं. रस्त्यावर ऊन होतं. ती घरी गेली, वहीतलं एक पान फाडलं आणि मुलांत आपण कुठे कुठे होतो ते आठवून आठवून लिहायला बसली.