मास्तरांचा मास्क

बदरुन्निसाने कोरोनातसुद्धा मास्क धड लावला नव्हता. कंडक्टर दिसला की नाकावर, तिकीट फाडून झालं की हनुवटीवर. तोंड झाकून बोलणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, हा तिचा साधा प्रश्न होता. कोरोना गेला, सगळ्यांचे मास्क गेले, आणि बाबा मास्तरांचा मात्र आला.

दर बुधवारी ती मालवण स्टँडवर सुक्या मासळीची टोपली घेऊन कुडाळच्या बाजाराला निघायची. तारकर्लीहून येणाऱ्या त्या एसटीत निवृत्त शिक्षक बाबा परब आधीच बसलेले असायचे, आणि शेजारची जागा तिच्यासाठी पिशवी ठेवून धरलेली असायची. बारा वर्षांचा रिवाज. उतरताना मास्तर बायकोने, लक्ष्मीने, सांगितलेले सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, तिच्याकडून घ्यायचे, तेही वास घेऊन, पारखून.

हल्ली जागा धरलेली असायची, पण टोपली पायरीवर टेकली रे टेकली की मास्तर खिशातून मास्क काढून नाकावर चढवायचे. सोडे घेणंही बंद. गाडीत पन्नास माणसं खोकत होती, त्यांच्यासाठी नाही, फक्त हिच्यासाठी. बदरुन्निसाच्या ते जिव्हारी लागलं. माशांचा वास येतो म्हणून आजवर कुणी तिच्यासमोर नाक धरलं नव्हतं, आणि धरलं ते नेमकं या माणसाने. तिने टोपलीवर दुहेरी प्लास्टिक बांधलं. एकदा तर नवऱ्याचं अत्तरही शिंपडलं. त्या दिवशी मास्तरांनी मास्कवरून रुमालही धरला.

वाटेत चौक्याला गाडी थांबली तेव्हा तिचा संयम संपला.

"मास्तर, माझ्या टोपलीची घाण येता तुमका?"

"घाण?" मास्तर दचकले. "घाण येय होती तर बरा झाला असता गो. लकव्यान लक्ष्मीचो उजवो हात-पाय गेलो, तुका म्हायत आसा. देवीक सांगलंय, ती आपल्या पायान चलापर्यंत मासो खावचंय नाय. सात म्हयने झाले. तुझे सोडे गाडीत चढले की माझो नवस लटपटता."

"मगे दुसऱ्या सीटवर बसाचा."

"बारा वर्सा हय बसतंय," मास्तर म्हणाले, जणू त्यात सगळं आलं.

त्यानंतर टोपली मागच्या सीटखाली जाऊ लागली आणि सोडे घट्ट झाकणाच्या डब्यात. बदरुन्निसा दर बुधवारी विचारायची, "किती पावलां?" मास्तर कधी दोन सांगायचे, कधी चार. एकदा एकही नाही म्हणाले आणि कुडाळपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. त्या शुक्रवारी तिने नमाजनंतर लक्ष्मीसाठी दुवा मागितली. देवीच्या कामात आपण लुडबूड करतोय का, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

मग दोन बुधवार मास्तर आलेच नाहीत. तारकर्ली काही दूर नाही, चौकशी करता आली असती. तिने केली नाही. तिला उत्तराची भीती वाटत होती.

तिसऱ्या बुधवारी मास्तर जागेवर होते. शेजारी पिशवी होती. तोंडावर मास्क नव्हता.

बदरुन्निसा पायरीवरच थबकली. नवस दोन तऱ्हांनी सुटतो: बायको चालू लागली तर, नाहीतर बायकोच उरली नाही तर. मास्तरांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिला पहिल्यांदाच वाटलं, या माणसाने तोंड झाकलेलं असतं तर बरं झालं असतं. ती बसली. पावलांचं विचारायचं सोडून तिकिटाचे सुटे पैसे मोजू लागली.

मास्तरांनी पिशवी पुढे केली.

"सोडे घाल. बरे बघून घाल. गेल्या खेपेचे बारीक होते असा लक्ष्मीन सांगूक सांगल्यान."

"गेल्या खेपेचे? त्येका वर्स होवक इला!"

"ता मी तिका सांगलंय. तर चुलीकडसून उठान माझ्या अंगावर इली. चलत."

बदरुन्निसाने मागून डबा आणला, झाकण उघडलं आणि मुठी भरभरून, न मोजता, पिशवी भरली. मग थैलीच्या तळाशी कोरोनापासून पडलेला चुरगळलेला मास्क शोधून काढला आणि डोळ्यांपर्यंत वर ओढला.

"काय गे काकी, सर्दी?" कंडक्टरने विचारलं.

"होय," ती म्हणाली. "तिकीट फाड."